पाय बघून टाका, ताई!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यात एखादी व्यक्ती रेलिंगला धरून, खेकड्यासारखी तिरकी तिरकी उतरताना दिसली तर खुशाल समजावं, स्वारी वीकएण्डला ट्रेकला गेली होती. गेल्या सोमवारी ती व्यक्ती मी होते!

ठिकाण पोलादपूर तालुक्यातला चंद्रगड. जावळीच्या मोऱ्यांचा किल्ला, १६५६ मध्ये महाराजांनी जावळी घेतली तेव्हा स्वराज्यात आलेला. पायथ्याला ढवळे गाव. चढताना दम लागला, पण पाय बिचारे गप्प होते. खरी गंमत उतरताना. घसाऱ्याची वाट आणि मांड्या अशा लटलटायला लागल्या, की शिलाई मशीनच! वाटाड्या मामा पुढून सारखे सांगत होते, ‘‘पाय बघून टाका ताई, गप्पा खाली गेल्यावर.’’ आणि आमचं लक्ष? मोबाइलमध्ये. सूर्यास्ताचा फोटो हवा होता ना. कचकन डावा घोटा मुरगळला.

आता हे असं का झालं, ते बघा. आपल्या स्नायूंच्या धाग्यांमध्ये अगदी बारीक, सूत कातायच्या चातीच्या आकाराचे सेन्सर असतात, मसल स्पिंडल. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगानं, ही खबर ते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला देतात. तिथे बसलेले मोटर न्यूरॉन लगेच ‘आवळ’ अशी ऑर्डर सोडतात. मेंदूची सही लागत नाही. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, तो हाच प्रकार. स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, म्हणजे टेंडनमध्ये, आणखी एक पहारेकरी असतो, गॉल्जी ऑर्गन. तो ताणाची लांबी नाही, जोर मोजतो. या सगळ्या कारभारावर आयुष्य घालवणाऱ्या चार्ल्स शेरिंग्टनना १९३२ साली नोबेल मिळालं, एड्रियन यांच्याबरोबर.

चढताना मांडीचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना मात्र तो ब्रेकसारखा वागतो, म्हणजे आवळलेला असतानाच ताणला जातो. यानं धाग्यांना बारीक बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात. पण दुखण्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच आहे. असा दमलेला स्नायू ‘पाय नेमका कुठे आहे’ हेसुद्धा नीट सांगत नाही! तुम्हाला वाटतं पाऊल दगडावर पडतंय, ते पडतं दोन बोटं बाजूला.

मग तो रिफ्लेक्स कुठे गेला होता? तो आला हो, पण उशिरा. घोटा वळायला लागल्यावर बाहेरच्या बाजूचे स्नायू जागे व्हायला सेकंदाचा साधारण पंधरावा-विसावा भाग लागतो, आणि त्यांनी जोर धरायला आणखी थोडा. घोटा तेवढा थांबत नाही. म्हणून खरं संरक्षण डोळ्यांकडून येतं. पुढचा दगड दिसला की पाऊल टेकायच्या आधीच मेंदू घोट्याभोवतीचे स्नायू आवळून ठेवतो. माझे डोळे स्क्रीनवर, त्यामुळे घोटा बेसावध. मामांना हे शास्त्र माहीत असायची गरजच नव्हती म्हणा.

नशीब, हाड शाबूत निघालं. क्रेप बँडेज, बर्फ आणि बॉसचं ‘अगं, पुन्हा?’ एवढ्यावर भागलं. फिजिओथेरपिस्टनं सूज उतरल्यावर करायला व्यायाम दिलाय तो फारच साधा, एका पायावर उभं राहायचं. आधी डोळे उघडे, मग मिटून. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची शक्यता यानं कमी होते. करून बघा, डोळे मिटल्यावर घोटा कसा थरथर करत स्वतःला सावरतो ते कळेल. तेच ते स्पिंडल आणि मोटर न्यूरॉन, ड्युटीवर!

मी सध्या ब्रश करताना करते. डोळे मिटून बारा सेकंद जमतात. आई म्हणते, बेसिन धरून उभी राहा.