अकरा महिन्यांचा हट्ट सोडा

ज्येष्ठ भाडेकरूंविषयी सभासदांची जी पत्रं गेल्या काही आठवड्यांत आली, त्यांत गावं वेगवेगळी आहेत, तक्रार मात्र एकच. पुण्याचं उदाहरण घ्या. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर स्वतःचं घर, इमारतीला लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे आजींना जिना चढवेना, तेव्हा ते घर भाड्याने देऊन दोघं कोथरूडला लिफ्टच्या इमारतीत भाड्याने राहायला गेले. निर्णय शहाणपणाचा होता. घर नावावर राहिलं, येणाऱ्या भाड्यातून जाणारं भाडं बरंचसं भागलं. आज तीन वर्षंही झालेली नाहीत आणि ते तिसऱ्या घरात आहेत. अकरा महिने भरले की मालकाला जास्त भाडं देणारा नवा माणूस हवा असतो आणि, स्पष्टच लिहितो, आपल्यालाही नवी दलाली हवी असते.

दर वेळी टेम्पो, गॅसचा पत्ता, बँकेचं केवायसी, पोलीस ठाण्यातली माहिती, नवा डॉक्टर. सोसायटीचा सेक्रेटरी मुलाचं हमीपत्र मागतो, ज्याला उपविधींत कुठेही आधार नाही. शेवटच्या कराराच्या वेळी तर आजींचा अंगठाच यंत्राने घेतला नाही. आपल्या माणसाने ओल्या फडक्याने बोट पुसलं, दुसरं बोट लावून पाहिलं, मग डाव्या हाताची सगळी. धुण्याभांड्यांत झिजलेल्या बोटांना ठसे उरतात कुठे? आजी सारखं ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा होतोय’ म्हणत राहिल्या. पेन्शनरांना हयातीचा दाखला चेहरा ओळखून द्यायला केंद्राने 2021 मध्येच सुरुवात केली. भाडेकरारासाठी घरी येणाऱ्या प्रत्येक एजंटाकडे ही सोय असलीच पाहिजे, आणि ती असेल हे पाहणं नोंदणी विभागाचं काम आहे.

पण सगळा दोष सरकारवर ढकलून आपली सुटका नाही. अकरा महिन्यांची मुदत सरकारने घातलेली नाही, ती आपण घालतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून नोंदणी टाळायला अकरा महिने, असा हा जुना हिशेब. महाराष्ट्रात तो कधीच निकालात निघाला. भाडे नियंत्रण अधिनियम 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदलेलाच हवा. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. म्हणजे नोंदणी टळत नाही ती नाहीच, वर ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

मालक म्हणतो, ‘पाच वर्षं राहू दिलं तर घर जाईल.’ या भीतीचं मूळ 1 फेब्रुवारी 1973 मध्ये आहे. त्या दिवशी ताब्यात असलेले परवानाधारक कायद्याने भाडेकरू ठरले आणि त्या पिढीतल्या मालकांनी ती धास्ती मुलांच्या हाती दिली. आजच्या कायद्यातलं कलम 24 नेमकं उलट सांगतं. मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडायची. नाही सोडली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज आणि परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई. करार अकरा महिन्यांचा की साठ, याने मालकाच्या हक्कात तसूभरही फरक पडत नाही. मालकाला हे समजावून सांगणं आपलं काम आहे, आणि आपल्यातले बहुतेक जण ते करत नाहीत.

खर्चही मांडून दाखवा. भाडं 25,000 आणि डिपॉझिट एक लाख धरलं, तर 60 महिन्यांच्या करारावर 0.25 टक्क्याने मुद्रांक शुल्क सुमारे 3,900 रुपये आणि शहरात नोंदणी फी 1,000. अकरा-अकरा महिन्यांचे पाच करार केले तर शुल्क सुमारे 3,500 आणि फी मात्र 5,000. शिवाय मिळतात 55 महिनेच. साठ महिन्यांपर्यंतच्या करारांना हा सवलतीचा दर आहे आणि आपण तो वापरत नाही.

घर विकून भाड्याने राहावं का, असंही ज्येष्ठ विचारतात. विकायची घाई करू देऊ नका. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायचं म्हटलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, त्यामुळे तो मोह मोठा असतो. करायचंच असेल तर सांभाळाची अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यायला सांगा, कारण 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम 23 त्या अटीवर उभं आहे.

आता काम. साठीपुढचं कुणीही दारात आलं की मालकापुढे आधी तीन ते पाच वर्षांचा मसुदा ठेवा. भाडेवाढ दर वर्षी किती टक्के, ते आकड्यात लिहा. लॉक-इन मालकावर ठेवा, ज्येष्ठांना एक महिन्याच्या नोटिशीवर निघता आलं पाहिजे. परवाना व्यक्तिगत असतो, तेव्हा पती-पत्नी दोघांचीही नावं परवानाधारक म्हणून घाला. आजोबा गेल्यावर तेराव्याच्या आत आजींना घर सोडायला सांगितल्याचं एक पत्र आमच्यासमोर आहे, आणि त्या करारात फक्त आजोबांचं नाव होतं. डिपॉझिट कुणाला परत द्यायचं तेही लिहा.

दलाली बुडेल म्हणून जे सभासद गप्प आहेत, त्यांनी लांब मुदतीच्या करारासाठी सुरुवातीला रास्त दलाली उघडपणे मागावी. लोक देतील. पुढच्या अंकात मसुद्याचा नमुना छापत आहोत. तोवर या महिन्यात संपणारे तुमच्याकडचे ज्येष्ठांचे करार बाजूला काढा आणि त्यांच्या मालकांना आजच फोन करा.