यादीत आपलं नाव कधी येणार?

पुण्याहून डेहराडूनला मोटारीने जायचं ठरतंय. आम्ही तिघी आणि दोन गावठी कुत्री. रेल्वेने का नाही, असं बरेच जण विचारतात. कुत्र्याला डब्यात सोबत घ्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे लागतो, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात एकटं टाकायचं. पहिलं आमच्या खिशाला झेपत नाही, दुसरं मनाला.

वाटा दोन. एक मुंबईकडून सुरत, बडोदा, उदयपूर, जयपूर अशी. दुसरी नगर, मालेगाव, धुळे, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर अशी, म्हणजे धुळ्यापुढे जुना आग्रा रोड. किलोमीटरमध्ये फार फरक नाही. मग ठरवायचं कशावरून?

कुत्र्यांच्या बाबतीत आम्ही बेधडक ठरवलं. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. म्हणून एप्रिल-मे बाद. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे दाट धुकं, तेही बाद. फेब्रुवारी उरला. दर दोन-अडीच तासांनी थांबा हवा. सावली हवी, पाणी हवं. बंद गाडीत त्यांना क्षणभरही सोडायचं नाही, म्हणजे एकीने कायम सोबत राहायचं. डांबर तापलेलं नको. पालथा हात टेकवून बघायचं, आपल्याला सोसलं तर त्यांच्या पंजांना सोसेल. ढाब्यावरची कुत्री आपल्या हद्दीत परक्याला येऊ देत नाहीत, तेव्हा फिरवायचं ते ढाब्यापासून लांब. हे सगळं आम्ही कागदावर लिहिलं, फोन करून लोकांना विचारलं, आणि कुणीही हसलं नाही. उलट ‘किती जीव लावता हो’ असं कौतुकच झालं.

आता हीच यादी बाईने स्वतःसाठी करून बघावी. दर दोन-अडीच तासांनी थांबा, कडी लागणारं दार, नळाला पाणी, पाळी असेल तर कचऱ्याचा डबा, बाहेर दिवा. एवढं मागितलं की ती नाजूक ठरते, नाहीतर नखरेल. म्हणून आपण मागतच नाही. सकाळपासून पाणी पीत नाही, इतकंच. प्रवासाला निघालेल्या किती जणी हे करतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

शहरांत याबद्दल आपण बोललो. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम झाली. ‘मिळून साऱ्याजणी’ने केलेल्या याचिकेवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. पण महामार्ग महापालिकेच्या हद्दीबाहेर धावतो. तिथे पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे आहे, यावर आपला दिवस ठरतो.

‘कुत्री आहेत ना बरोबर, मग भीती कसली?’ हेही ऐकून झालं. नवरा नाही तर कुत्रं, पण राखणदार हवाच! आमच्यातली एक कुत्री ट्रकचा हॉर्न वाजला की सीटखाली शिरते. आमच्या सुरक्षिततेची जबाबदारी तिच्यावर कशाला? मात्र एक फायदा होतो, तो कबूल करायला हवा. हातात पट्टा असला की रस्त्याच्या कडेला पंधरा मिनिटं उभं राहिलं तरी ‘इथे काय करताय’ असं कुणी विचारत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ (२०११) या पुस्तकात दाखवलंय की सार्वजनिक जागी बाईला कायम काहीतरी कारण दाखवावं लागतं. कुत्रं म्हणजे चालतंबोलतं कारण.

मोटार हाताशी असणं ही मोठी सवलत आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या धनगर बाया घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढरं आणि कुत्री घेऊन आठवडेच्या आठवडे चालतात. पाणी कुठे आहे आणि कुठल्या गावात हुसकावतात, यावर त्यांचा मुक्काम ठरतो. त्यांच्या वाटेला कुणी ‘ट्रिप’ म्हणत नाही.

आम्ही आग्रा रोड निवडला तो मैत्रिणींमुळे. धुळ्याला आणि इंदूरला चळवळीतल्या जणींची घरं आहेत. तिथे कुत्र्यांना अंगण मिळेल आणि आम्हाला नवऱ्याचं नाव सांगावं लागणार नाही. अडचण इंदूरच्या पुढची. ग्वाल्हेर साधारण पाचशे किलोमीटर. थांबत गेलं तर अंधार होणार. म्हणून मधे गुणा किंवा शिवपुरीला राहायचं, आणि तिथे आमच्या ओळखीचं कुणी नाही. एका लॉजवर फोन केला. कुत्री काय खातात, हे मॅनेजरने एकदा विचारलं. ‘जेंट्स कोण आहे बरोबर?’ हे तीनदा.

माझं म्हणणं असं की आपल्या संघटनांनी आपापल्या भागातल्या रस्त्यांची अशी यादी करून एकमेकींना द्यावी. कुठल्या पंपावरची कडी लागते, कुठे उजेड आहे, कुठल्या लॉजवर बायांना सरळ खोली मिळते. त्याच याद्या घेऊन महामार्ग प्राधिकरणाच्या दारात जाता येईल. पुणे ते इंदूर आम्ही लिहून देतो. गुणा-शिवपुरीच्या बाजूला कुणाची मैत्रीण, नणंद, मावशी असेल तर जानेवारीच्या आत कळवा.