टॉप्सीला सगळे कळत होते



मुलीने शाळेसाठी 'अंकल टॉम्स केबिन' वाचायला घेतले, म्हणून मीही ते पुन्हा वाचले. हॅरिएट बीचर स्टो यांची ही कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती खपल्या.

टॉम हा गुलाम. बायबलवर त्याची अढळ श्रद्धा. दुसऱ्या गुलाम बाईला चाबकाने मारण्याचा मालकाचा हुकूम तो मानत नाही. लपून बसलेल्या दोघींचा ठावठिकाणाही सांगत नाही आणि मारहाणीत प्राण गमावतो. पण त्याच बायबलचा आधार देऊन गुलामगिरी योग्य ठरवणारे धर्मोपदेशकही याच कादंबरीत आहेत. ग्रंथ एकच, वाचणाऱ्याचे मन वेगळे.

मला मात्र सर्वांत जास्त टोचली ती मिस ओफेलिया. व्हरमाँटची, देवभीरू, गुलामगिरीच्या विरोधात. आठ-नऊ वर्षांची टॉप्सी ही काळी मुलगी तिच्याकडे शिकवायला सोपवली जाते. ओफेलिया मन लावून शिकवते, पण टॉप्सीचा स्पर्श तिला सहन होत नाही. छोटी ईव्हा मात्र टॉप्सीच्या खांद्यावर सहज हात ठेवते. ते पाहून ओफेलिया कबूल करते की मनात अढी होती, पण ती या पोरीला कळत असेल असे वाटले नव्हते.

इथे मी पुस्तक मिटले. आमच्या गावच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असे, खिडकीत उपडा ठेवलेला. आई त्यांना आपुलकीने चहा द्यायची, दिवाळीला साडी द्यायची. त्या कपाचा अर्थ मावशींना कळत नसेल, असेच आम्ही धरून चाललो होतो.

महात्मा फुल्यांना हे नाते केव्हाच दिसले होते. १८७३ सालचे 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले.

परदेशात आपल्याला समान वागणूक हवी असते, आणि ती मागावीच. पण देवापुढे सगळे सारखे असतील, तर चहापुढेही सारखेच हवेत. मुलांनो, सुट्टीत भारतात गेलात की स्वयंपाकघरात नीट पाहा. वेगळा कप दिसला तर आजीशी भांडू नका. कारण विचारा, आणि त्या दिवशी सगळ्यांचा चहा एकसारख्या कपांतून तुम्ही स्वतः द्या.

– एक पालक