नेपाळ किती मिनिटं पळणार?

१८ जानेवारी २०२५च्या रात्री दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधले खो-खो विश्वचषकाचे उपांत्य सामने आटोपले आणि चित्र स्पष्ट झालं. दुसऱ्या दिवशी पुरुषांचा अंतिम सामना भारत विरुद्ध नेपाळ, महिलांचाही भारत विरुद्ध नेपाळ. खेळाचा पहिलाच विश्वचषक आणि तोही आपल्या देशात. अशा वेळी चर्चा एकाच गोष्टीची होते, भारत किती गुणांनी जिंकणार? खो-खोच्या मैदानाशेजारी लहानाचं मोठं झालेलं धाराशिवचं माणूस मात्र बलाबल जोखायला बसलं की गुणांपासून सुरुवात करत नाही. समोरचे किती मिनिटं पळणार, हा त्याचा पहिला प्रश्न. आपल्या पळणाऱ्यांची पहिली तुकडी कुणाची, हा दुसरा.

हे प्रश्न अनुभवातून आलेले आहेत. या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही, ऊसतोडीला बाहेर पडणारी घरं कमी नाहीत. खर्चिक साहित्य मागणारे खेळ इथं रुजायला वेळ लागतो. खो-खोला दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि पळणारी पोरं लागतात. ती इथं होती. सारिका काळे याच मैदानांवर घडली. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी येत होता. एका वेळच्या जेवणावर काढलेल्या वर्षांबद्दल ती तेव्हा मोकळेपणानं बोलली होती. तिनं तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणूनही काम केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५५वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा धाराशिवलाच, श्री तुळजाभवानी जिल्हा क्रीडा संकुलावर झाली. आणि दिल्लीच्या विश्वचषकात भारताच्या पंधरा जणींत धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्यामुळं त्या रात्री इथल्या माणसाला अंतिम सामन्याबद्दल मत असणं साहजिक होतं, आणि ते मत ऐकण्यासारखं असतं.

मत बनवायला हाताशी होतं काय? महिलांचे निकाल पाहा. दक्षिण कोरियाविरुद्ध १७५-१८. इराणविरुद्ध १००-१६. मलेशियाविरुद्ध १००-२०. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशविरुद्ध १०९-१६. उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६६-१६. मथळे सगळे डावीकडच्या आकड्यांचे झाले. १७५ हा आकडा डोळ्यांत भरतोच. पण त्यातून भारताची ताकद कळत नाही, कोरियाच्या मुली खेळाला किती नवख्या होत्या एवढंच कळतं. खरी गोष्ट उजवीकडच्या आकड्यांत आहे. १८, १६, २०, १६, १६. समोर इराण असो की बांगलादेश, शिकाऊ संघ असो की अनुभवी, भारतीय मुलींनी सामन्यात पंधरा-वीस गुणांपलीकडं काही दिलंच नाही. पाच सामने, पाच वेगळे प्रतिस्पर्धी, आणि पळती जवळपास जशीच्या तशी. इतकं सातत्य कुठल्याही खेळातल्या संघाकडं क्वचित दिसतं.

उपांत्य सामन्यातला ६६ हा आकडाही थांबून पाहावा असा. आधीच्या चारही सामन्यांत शंभरी गाठणाऱ्या भारतीय आक्रमणाला आफ्रिकेच्या मुलींनी तिथंच रोखलं. त्या हरल्या पन्नास गुणांनी, पण भारताच्या मुलींना गडी टिपायला जास्त पळावं लागलं. अंतिम सामन्याआधी भारताला मिळालेला तो एकमेव इशारा होता.

पुरुषांचं गणित अवघड होतं. १३ जानेवारीच्या उद्घाटनाच्या सामन्यात याच नेपाळनं भारताला ४२-३७ असं झुंजवलं होतं. अवघ्या पाच गुणांचा फरक. त्यानंतर ब्राझील, पेरू, भूतान यांना हरवून भारत बाद फेरीत आला, श्रीलंकेवर त्यानं १००-४० अशी मात केली. उपांत्य सामन्यात आफ्रिकेविरुद्ध मात्र तिसऱ्या पाळीअखेर भारत मागं होता. कर्णधार प्रतीक वाईकरच्या संघानं शेवटच्या पाळीत सामना खेचून ६२-४२ असा जिंकला. निकालाचा आकडा वाचणाऱ्याला वीस गुणांचा विजय दिसतो. ज्यानं सामना पाहिला, त्याचा जीव शेवटच्या सात मिनिटांपर्यंत टांगणीला लागलेला होता.

मराठी वृत्तपत्रांत खो-खोच्या बातमीची एक चांगली रीत आहे. विजयी संघाकडून कुणी किती मिनिटं संरक्षण केलं आणि किती गडी टिपले, हे नावानिशी छापलं जातं. २.१० मिनिटं, १.४० मिनिटं, तीन गडी. धाराशिव, पुणे, ठाणे, सांगली, नाशिक यांच्या लढती वर्षानुवर्षं याच आकड्यांतून वाचल्या गेल्या. सामना न पाहिलेल्यालाही त्यावरून कळतं की कुणाचे पाय हलके होते आणि कुठल्या तुकडीनं दगा दिला. विश्वचषकाच्या बहुतेक बातम्यांत हे तपशील नव्हते. गुण आले, पुरस्कार आले, मिनिटं गेली.

मिनिटं का महत्त्वाची, हे खांबाजवळ उभं राहिलं की कळतं. पळणारी मुलगी खांबाच्या एका बाजूला, हातभर अंतरावर, गुडघे किंचित वाकवून उभी असते. पाठलाग करणारी भरधाव येते. पळणारी डावा खांदा किंचित झुकवते, जणू त्या बाजूनं निघाली. पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत तिला मागं फिरता येत नाही. नियमच तसा आहे. त्याच क्षणी पळणारी उजवीकडून, बसलेल्या दोघींच्या मधल्या फटीतून निसटते. हूल फसली तर पाठलाग करणारीचा एक हात खांबावर पडतो, अंग जमिनीला समांतर बाहेर झुकतं आणि दुसऱ्या हाताची बोटं टाचेला लागतात. शिट्टी. हा सगळा खेळ दोन सेकंदांचा. निसटलेल्या मुलीनं पुढच्या खोपर्यंतचा वेळ कमावला. अशा सात-आठ हुली साधल्या की दीड मिनिट होतं, आणि राज्य स्पर्धेच्या नऊ मिनिटांच्या पाळीत दीड मिनिट म्हणजे सामन्याचा कल.

बाद फेरीच्या सामन्याचं बलाबल जोखणं हा जगभरच्या चाहत्यांचा आवडता उद्योग आहे. ज्या दक्षिण आफ्रिकेनं भारताच्या पुरुषांना घाम फोडला, तिथला मोठा खेळ रग्बी. २०२३च्या रग्बी विश्वचषकात आफ्रिकेनं उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला २९-२८, उपांत्य फेरीत इंग्लंडला १६-१५ आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडला १२-११ असं हरवलं. तीनही बाद सामने एकेका गुणानं! तिथला चाहता राखीव खेळाडू कधी उतरणार, पेनल्टीची लाथ कोण मारणार, पावसात चेंडू कसा वागणार यावर आठवडाभर बोलतो, कारण यातली कुठलीही गोष्ट तो एक गुण इकडचा तिकडं करू शकते. चर्चेला वजन येतं ते समोरचा संघ तुल्यबळ असल्यामुळं. १७५-१८च्या सामन्याआधी काय जोखणार?

खो-खोलाही हा थरार परका नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला अंतिम सामना ओडिशा जगरनट्स आणि तेलुगू योद्धाज यांच्यात झाला. ओडिशानं तो ४६-४५ असा एका गुणानं जिंकला. शेवटच्या क्षणांत सूरज लांडेनं मारलेला सूर निर्णायक ठरला. हरलेल्या तेलुगू संघाचा कर्णधार होता प्रतीक वाईकर. एका गुणानं हुकलेलं विजेतेपद पाहिलेला माणूस दिल्लीत आफ्रिकेविरुद्ध शेवटच्या पाळीत पिछाडीवर असताना डगमगला नाही, यात नवल नाही.

आता १९ जानेवारीचा हिशेब. भारतीय महिलांनी ७८-४०नं, पुरुषांनी ५४-३६नं विश्वचषक जिंकला. अभिमानाचीच गोष्ट. पण धाराशिवच्या पद्धतीनं पाळी-पाळीनं वाचलं, तर या सामन्यांत आणखी बरंच काही सापडतं.

महिलांच्या सामन्यात पहिल्या पाळीअखेर ३४-०, दुसऱ्या पाळीअखेर ३५-२४, तिसऱ्या अखेर ७३-२४. बाद केलेल्या गड्याला दोन गुण धरले, तर भारतानं पहिल्या सात मिनिटांत सतरा जणी टिपल्या. म्हणजे दर पंचवीस सेकंदांना एक. तिसऱ्या पाळीत वेग आणखी वाढला, बावीस सेकंदांना एक. हे आक्रमण अफाट होतं. आणि तरीही थांबावं ते दुसऱ्या पाळीच्या २४वर. आधीच्या पाच प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणालाही अख्ख्या सामन्यात वीसच्या वर जाता आलं नव्हतं; नेपाळच्या मुलींनी एका पाळीत चोवीस घेतले. शेवटच्या पाळीत भारताची चैत्रा बी. पाच मिनिटांहून अधिक पळाली, आणि ठरावीक वेळ टिकलं की संरक्षणालाही गुण मिळतात या नियमानं भारताला पाच गुण मिळाले. तिच्या पळतीनं नेपाळला त्या पाळीत सोळावर रोखलं. ती पहिल्याच मिनिटात बाद झाली असती, तर फरक बराच कमी दिसला असता.

पुरुषांच्या सामन्यात नेपाळचं वेगळं बळ दिसतं. भारतानं दोन पाळ्यांत २६ आणि २८ गुण घेतले, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला एक गडी. श्रीलंकेविरुद्ध शंभर काढणाऱ्या संघाला नेपाळनं आधी ४२ आणि मग ५४वर ठेवलं. स्पर्धेत याहून चांगलं संरक्षण भारतासमोर कुणी केलं नाही. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम संरक्षकाचा पुरस्कार पुरुषांत नेपाळच्या रोहित बर्माला आणि महिलांत नेपाळच्याच मनमती धानीला मिळाला, तो उगाच नव्हे.

ही प्रगती किती वेगानं झाली, हे समजायला २०१९चा निकाल पुरेसा आहे. त्या वर्षी नेपाळमधल्या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळला १७-५ असं, एक डाव आणि बारा गुणांनी हरवलं होतं. त्यांच्याच घरी. तेव्हा भारताच्या सतरा बळींमागं त्यांचे पाच होते; सहा वर्षांच्या आत दिल्लीत भारताच्या छत्तीस बळींमागं नेपाळच्या मुलींनी वीस घेतले. नियम आणि पाळ्यांची लांबी वेगळी आहे, हे खरं. तरी दिशा स्पष्ट आहे.

खो-खोवर जीव असणाऱ्यानं या दिशेचं स्वागतच करावं. भारत हरावा असं कुणाला वाटेल? पण खेळ जगात टिकायचा असेल, तर भारताला हरण्याची भीती वाटावी असे तीन-चार संघ तयार व्हायला हवेत. नेपाळ त्यात सर्वांत पुढं आहे. आफ्रिका आणि बांगलादेश मागून येत आहेत. वीस पुरुष संघ आणि एकोणीस महिला संघ दिल्लीला आले, हे मोठं काम झालं. आता त्यातल्या ज्यांना खेळ खरोखर चढला आहे, त्यांच्याशी वारंवार खेळायला हवं. शंभर गुणांच्या विजयांनी टाळ्या मिळतात, खेळाडू सुधारत नाहीत.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. पहिली साधी आहे: आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या अधिकृत गुणपत्रकात प्रत्येक खेळाडूची पळती मिनिट-सेकंदात द्यावी आणि ती सामना संपताच सर्वांना पाहता यावी. गुणलेखकाकडं घड्याळ असतंच. नोंद होते, ती बाहेर येत नाही. ती बाहेर आली, तर उमरग्याची शाळकरी मुलगी मनमती धानीची पळती स्वतःच्या पळतीशी ताडून पाहू शकेल.

दुसरी गोष्ट भारत-नेपाळ मालिकेची. दरवर्षी तीन सामने, दोन्ही गटांत, आणि त्यातला एक धाराशिवला. राष्ट्रीय स्पर्धा पेलणाऱ्या संकुलाला दोन संघांचा सामना जड नाही. तो मॅटऐवजी मातीवर खेळवावा, नऊ मिनिटांच्या जुन्या पाळीनं. मातीवर पाय वेगळे पडतात, सूर मारताना कोपर सोलतं, आणि लांब पाळीत तिसरी तुकडी किती दमाची आहे ते उघडं पडतं. दिल्लीतल्या सात मिनिटांच्या पाळीत ज्या मुलींनी भारताकडून चोवीस गुण घेतले, त्यांना नऊ मिनिटं दिली तर काय होईल, याचा अंदाज बांधायला धाराशिवच्या प्रेक्षकाला महिनाभर आधीपासून काम मिळेल. पाऊस ओसरून मैदान कोरडं झालेलं असतं तो दिवाळीनंतरचा काळ त्यासाठी बरा. तेव्हा शाळाही सुरू असतात.