ऊबदार खोलीची किंमत

कॅनडातल्या थंडर बेमध्ये जानेवारीत दोन माणसांना अर्धा तास निवांत बोलायचं असेल, तर आधी पाकीट काढावं लागतं. बाहेर पारा उणे पंचवीसपर्यंत उतरतो. बागेतल्या बाकावर बसायचा प्रश्नच नाही. हातमोजा काढून फोन धरला तरी दोन मिनिटांत बोटं ठणकायला लागतात. बसायचं ते आतच, आणि आत बसायचं तर काहीतरी विकत घेऊन. पुण्याच्या झेड ब्रिजवर, मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर पोरंपोरी तासन्‌तास बसतात, खर्च फार तर शेंगदाण्यांच्या पुडीचा. ही केवढी मोठी सोय आहे, ते मला इथल्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं.

गाव सुपीरिअर सरोवराच्या काठावर, वस्ती लाखाच्या थोडी वर. टोरांटो रस्त्याने सुमारे चौदाशे किलोमीटर, विनिपेग सातशे. १९७० साली पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही दोन गावं जोडून हे शहर केलं, आणि अजूनही त्याला दोन टोकांना दोन बाजारपेठा आहेत. गाडी नसलेल्या माणसाला हे अंतर हिवाळ्यात फार जाणवतं. लेकहेड विद्यापीठ आणि कॉन्फेडरेशन कॉलेज यांच्यामुळे भारतातली पुष्कळ मुलं इथे आली, त्यांत आपली मराठी मुलंही आहेत. वय वीस ते सत्तावीस. या वयात माणसाला सोबत हवी असते, यात लपवण्यासारखं काही नाही. मला आज त्या सोबतीच्या खर्चाबद्दल लिहायचं आहे, आणि त्या खर्चाच्या आडोशाला उभ्या असलेल्या एका कायद्याबद्दलही. घरच्या फोनवर ही मुलं यातलं अक्षरही बोलत नाहीत, म्हणून.

आधी हिशेब. ऑक्टोबर २०२५ पासून ऑन्टॅरिओत किमान वेतन तासाला १७ डॉलर ६० सेंट आहे. वर्ग चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर आठवड्याला जास्तीत जास्त २४ तास काम करता येतं. आता दोघांचं साधं जेवण धरा, दारू नाही, गोड नाही, सत्तर डॉलर. त्यावर १३ टक्के कर, ९ डॉलर १० सेंट. मग वेट्रेस कार्डाचं यंत्र हातात देते, त्यावर टिपेचे आकडे आधीच मांडलेले असतात: पंधरा, अठरा, वीस. समोर कोणी पहिल्यांदाच भेटलेली मुलगी बसली असताना पंधरावर बोट ठेवायचा पोरांना धीर होत नाही. सत्तरवर अठरा टक्के म्हणजे १२ डॉलर ६० सेंट. एकूण ९१ डॉलर ७० सेंट. गोदामात पाच तासांहून जास्त खोकी उचलल्यावर हे पैसे मिळतात, तेही कर कापण्याआधी. शेवटची बस चुकली की टॅक्सी वेगळी.

टिम हॉर्टन्समध्ये कॉफीवर भागतं, पण तिथे काउंटरपलीकडे आपल्याच वर्गातला कोणीतरी काम करत असतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलेजला बातमी असते. डेटिंगच्या अॅपवर दहा मिनिटं बोट फिरवलं की गावातली माणसं संपतात. मग ते अॅप अंतर वाढवायला सुचवतं, आणि अंतर वाढवलं की सरोवरापलीकडची, सीमेपलीकडच्या डुलुथची मुलं-मुली दिसू लागतात. तीनशे किलोमीटर, आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा.

अशा रात्रींत त्याच फोनवर एस्कॉर्टच्या जाहिराती येतात. 'एस्कॉर्ट' हा धंदा कॅनडात राजरोस आहे असं बहुतेक मुलं धरून चालतात, आणि त्यांच्या समजाला आधारही आहे. एडमंटनसारखी महापालिका एस्कॉर्टचा रीतसर परवाना देते. शरीरविक्रय करणाऱ्या बाईला स्वतःची सेवा विकल्याबद्दल शिक्षा होत नाही. पण विकत घेणाऱ्याला होते. ६ डिसेंबर २०१४ पासून पैसे देऊन लैंगिक सेवा घेणं हा कॅनडात गुन्हा आहे, आणि त्यासाठी नुसती बोलणी करणं हाही गुन्हाच. प्रत्यक्ष भेट झाली नाही तरी मेसेज पुरेसा आहे. समोरून उत्तर देणारा पोलीसही असू शकतो. पहिल्या वेळी कमीत कमी ५०० डॉलर दंड. शाळा, बाग किंवा प्रार्थनास्थळाजवळच्या सार्वजनिक जागी असेल तर १,०००. सरकारने खटला गंभीर स्वरूपात चालवला तर पाच वर्षांपर्यंत कैद. समोरची व्यक्ती अठराच्या आतली निघाली तर शिक्षा आणखी कडक. शिवाय विद्यार्थी परवान्यावरच्या मुलासाठी दंड हा शेवट नसतो, कारण दोषी ठरल्यावर त्याचा देशात राहण्याचा हक्कच धोक्यात येतो.

जळगावकडचा एक मुलगा एका संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहा तसाच ठेवला. त्याने एका जाहिरातीतल्या नंबरवर आगाऊ शंभर डॉलर ई-ट्रान्सफर केले होते. मग 'सुरक्षा अनामत' म्हणून आणखी चारशे मागितले गेले. त्याने नाही म्हटल्यावर त्याच्या इन्स्टाग्रामवरून उचललेले बहिणीचे आणि आईचे फोटो त्याला पाठवण्यात आले: पैसे दे, नाहीतर यांना सगळं कळवतो. "काकू, पोलिसांत गेलो तर मलाच धरतील का?" असं त्याने विचारलं, आणि त्याची भीती खोटी नव्हती. ही टोळकी नेमक्या त्याच भीतीवर जगतात. मी त्याला सांगितलं, आता एक सेंटही पाठवू नकोस, मेसेज पुसू नकोस, वकिलाशी बोलल्याशिवाय कुठे काही लिहून देऊ नकोस, आणि आधी बहिणीला फोन कर. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. ती रागावली नाही. "दादा, तू एकटा आहेस का रे तिकडे?" एवढंच तिने विचारलं, आणि तो रडला.

आता या कायद्यामागची गोष्ट, कारण तिच्यातली बाजू फक्त गिऱ्हाइकाची नाही. २०१३ पूर्वी कॅनडात देहविक्री स्वतः गुन्हा नव्हती, पण त्यासाठी जागा ठेवणं, त्या कमाईवर जगणं आणि सार्वजनिक जागी बोलणी करणं हे तिन्ही गुन्हे होते. आपल्याकडच्या १९५६च्या कायद्याची ठेवण साधारण अशीच आहे. टेरी-जीन बेडफर्ड, एमी लेबोविच आणि व्हॅलरी स्कॉट या तीन बायकांनी त्याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही घरात काम करू शकत नाही, दाराशी राखणदार ठेवू शकत नाही, गाडीत बसण्यापूर्वी माणूस पारखू शकत नाही, आणि त्यामुळे आम्ही मरतो. २० डिसेंबर २०१३ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिन्ही तरतुदी रद्द केल्या. सरन्यायाधीश बेव्हर्ली मॅक्लॅकलिन यांनी निकालात व्हँकुव्हरच्या 'ग्रँडमाज हाउस'चा दाखला दिला. रस्त्यावरच्या बायकांना आत येता यावं, सुरक्षित राहता यावं म्हणून ती जागा होती. शहरातून बायका एकामागून एक नाहीशा होत होत्या तेव्हा कुंटणखान्याच्या कायद्याने तीच जागा गुन्ह्यात बसत होती. पुढे रॉबर्ट पिकटन नावाच्या माणसाला त्यांतल्या सहा बायकांच्या खुनासाठी २००७ मध्ये दोषी ठरवलं गेलं, आणि त्याच्यावर एकूण सव्वीस खुनांचे आरोप होते. मारल्या गेलेल्यांत आदिवासी बायका मोठ्या संख्येने होत्या.

निकालानंतर वर्षभरात स्टीफन हार्पर यांच्या सरकारने नवा कायदा आणला. स्वीडनने १९९९ मध्ये घेतलेल्या वाटेने जायचं, विकणारीला पीडित मानायचं आणि विकत घेणाऱ्याला गुन्हेगार, असा त्याचा पाया. या हेतूतला कळवळा मला खरा वाटतो. शोषण करणारे दलाल आहेत, मुलींना पळवणारे आहेत, आणि उत्तरेच्या दूरच्या वस्त्यांतून थंडर बेसारख्या शहरात आलेल्या आदिवासी मुली त्यांच्या तावडीत सापडतात, हे या गावात राहणाऱ्या कोणालाही नाकारता येणार नाही. पण परिणाम बघा. गिऱ्हाईकच गुन्हेगार ठरल्यावर तो खरं नाव सांगत नाही, ओळखपत्र दाखवत नाही, उजेडातल्या जागी भेटत नाही. बाईला माणूस पारखायचा जो हक्क न्यायालयाने दिला होता, तो कायद्याने मागच्या दाराने काढून घेतला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातल्या दलालीच्या आणि दुसऱ्याच्या देहविक्रीतून कमावण्याच्या तरतुदी वैध ठरवल्या, त्यामुळे तो लवकर बदलेल असं दिसत नाही. सांगलीतली वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ पासून हेच सांगते आहे, की आम्हाला वाचवायला येण्याआधी आम्हाला विचारा. कॅनडातल्या त्या तीन बायकांचं आणि सांगलीच्या बायकांचं दुखणं एकच आहे.

मुलींच्या वाट्याला आणखी एक कागद येतो. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या वर्क परमिटवर शर्तींमध्ये एक ओळ छापलेली असते: स्ट्रिप क्लब, मसाज पार्लर, एस्कॉर्ट सेवा अशा धंद्यांत काम करण्यास हे परमिट चालणार नाही. एका मुलीने मला ती ओळ बोटाने दाखवली होती आणि हसली होती, "मावशी, हे आम्हाला कशाला सांगतात?" मला हसू आलं नाही. कारण भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातींत अधूनमधून असा घरमालक भेटतो, ज्याला भाडं नको असतं, 'मैत्री' हवी असते. फेब्रुवारीत, डोक्यावर छप्पर नसताना, खात्यात दोनशे डॉलर असताना ही मागणी पुढ्यात आली तर काय? कायद्याच्या भाषेत खोली हासुद्धा मोबदलाच. गुन्हा त्या मालकाचा. पण तक्रार करायला गेलं तर आपल्यालाच त्या ओळीखाली आणून मायदेशी पाठवतील, या भीतीने मुलगी गप्प राहते. ही ओळ परमिटवरून काढून टाकली पाहिजे. ज्या मुलीला पोलिसांची भीती जास्त, तिला शोषणारा आधी हेरतो.

या गावाला एकट्या माणसांचा अनुभव नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी इथे फिनलंडहून आलेले लाकूडतोडे होते. तरुण, बिनलग्नाचे, हिवाळाभर जंगलात आणि सुट्टी मिळाली की गावात, खिशात पगार आणि जायला जागा नाही. त्यांना लुटायला टपलेली दुकानं तेव्हाही होती. त्या कामगारांनी काय केलं, तर १९१० साली बे स्ट्रीटवर फिनिश लेबर टेंपल नावाची वास्तू उभी केली. तिथे नाटकं व्हायची, नाच व्हायचे, व्याख्यानं व्हायची, वाचनालय होतं. १९१८ मध्ये तळघरात 'होइतो' नावाची सहकारी खानावळ सुरू झाली, कामगारांनीच थोडे थोडे पैसे घालून. लाकूडतोड्याला परवडेल अशा पैशांत घरच्यासारखं पोटभर जेवण. तिथल्या नाचांत कित्येकांची लग्नं जुळली असणार. मी गेले तेव्हा तिथे लांब टेबलांवर अनोळखी माणसं शेजारी शेजारी बसून पातळ फिनिश पॅनकेक खात होती आणि आपोआप बोलत होती. डिसेंबर २०२१ मध्ये आगीत ती वास्तू गेली. त्या सकाळी गावातली म्हातारी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली, यात मला नवल वाटलं नाही.

एकट्या माणसाला धंद्याच्या दारात जाऊ द्यायचं नसेल, तर त्याला दुसरं दार लागतं, हे त्या लाकूडतोड्यांना कळलं होतं. आज ओटावातल्या इमिग्रेशन मंत्रालयाला आणि आमच्या नगरपालिकेला ते कळायला हवं. विद्यार्थ्यांकडून भरमसाट फी घेताना त्यांच्या संध्याकाळींचा विचार कोणी केला नाही. दंडाची रक्कम ठरवली, परमिटवर ओळ छापली, आणि रात्री दहाला उघडी असलेली, गरम, फुकट बसता येणारी एक खोली मात्र दिली नाही. ग्रंथालय आहे, ते लवकर बंद होतं. मरीना पार्कमध्ये बर्फावर फुकट घसरता येतं, पण स्केट आणि तोल दोन्ही लागतात.

टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे, गणपती होतो, नाटकं होतात. चौदाशे किलोमीटरवर त्याचा उपयोग नाही. म्हणून छोट्या गावांतल्या मराठी घरांना माझं सांगणं आहे. चर्चचं तळघर किंवा कम्युनिटी सेंटरचा हॉल थोडक्या भाड्यात मिळतो. महिन्यातून दोन शनिवार तो घ्या. पिठलं-भात करा, कॅरम ठेवा, मुलामुलींना एकत्र बसू द्या आणि त्यांच्यावर नजर ठेवू नका. फक्त मराठी मुलांनाच बोलवा असंही नाही. पंजाबी, नायजेरियन, उत्तरेतून आलेली आदिवासी मुलं, सगळ्यांनाच हिवाळा सारखा असतो.

आणि महाराष्ट्रातल्या आईवडिलांना एक विनंती. तुमचा मुलगा किंवा मुलगी कॅनडातल्या अशा गावात असेल, तर हा लेख त्यांना पाठवा. त्यात दंडाचा आकडा आहे, परमिटवरची ओळ आहे, फसवणुकीची रीत आहे. आणि पाठवताना एवढं लिहा, की काही घडलं असेल तर आधी आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही.