मुक्त प्रणालीला हवे धोरणाचे बळ

डेस्कटॉप आणि लॅपटॉपवरील लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचे प्रमाण देशागणिक बदलते. स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीत फेब्रुवारी २०२४ मध्ये लिनक्सचा जागतिक वाटा प्रथमच ४ टक्क्यांवर गेला, तेव्हा भारतातील वाटा १५ टक्क्यांच्या आसपास होता. अमेरिकेने ५ टक्क्यांचा टप्पा २०२५ मध्ये गाठला. ही मोजणी संकेतस्थळांना होणाऱ्या भेटींची असते, यंत्रांची नव्हे. सर्वसामान्य भारतीय इंटरनेट मोबाइलवरच पाहतो आणि संगणकापुढे बसणाऱ्यांत सॉफ्टवेअर क्षेत्रातील मंडळी बरीच असतात. त्यामुळे भारताचा हा आकडा म्हणजे घरोघरी पोहोचलेले लिनक्स नव्हे.

परवान्याचा खर्च वाचतो, म्हणून लिनक्सकडे ओढा असतो. पण ते टिकते धोरणामुळे. म्युनिक महापालिकेने सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणले. पुढे महापौर बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय झाला. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने २००८ पासून उबुंटू या लिनक्स प्रणालीची कास धरली, ती सोडली नाही. केरळने शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणताना शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मल्याळम भाषेतील सोय यांचीही तजवीज केली. म्हणूनच तेथे ही व्यवस्था रुजली.

अशी व्यवस्था रुजवण्यासाठी लागणारे ज्ञान पुण्यात वर्षानुवर्षे साठले आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेचे मुख्यालय येथेच आहे; ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणालीही सी-डॅकनेच घडवली. देवनागरीचा मुक्त ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी जोपासला. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत मुक्त सॉफ्टवेअरच्या ‘ग्नुनिफाय’ परिषदा भरल्या. मात्र राज्यातील संगणक साक्षरतेची ओळख बनलेल्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाचा भर प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर राहिला. पहिल्या धड्यात हाताला लागलेली सवय पुढे कार्यालयातही सुटत नाही.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित आधार संपल्याने असंख्य जुने संगणक बाद ठरण्याच्या वाटेवर आहेत. त्यांतील बरेचसे लिनक्सवर आणखी काही वर्षे चालू शकतात. राज्य सरकारने आणि पुणे महापालिकेने आपल्या शाळांपासून सुरुवात करावी, शिक्षकांना आधी शिकवावे आणि खरेदीच्या प्रत्येक निविदेत मुक्त प्रणालीचा पर्याय बंधनकारक करावा.