गृहशिक्षण घेणाऱ्या मुलांच्या नोंदणीसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

आमच्या संघटनेचे सभासद मुलांना शाळेत न घालता घरीच शिकू देतात. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे आणि त्याची जबाबदारी आम्ही रोज पार पाडतो.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 10 ने 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले. पण न केल्यास पालकाला शिक्षा सांगितली नाही आणि गृहशिक्षणाचा उल्लेखही केला नाही. त्यामुळे एक अधिकारी आमची अडचण समजून घेतो, दुसरा नोटिशीची भाषा बोलतो. गृहशिक्षणाच्या स्वेच्छा नोंदणीचा शासन निर्णय काढावा आणि कलम 10 मध्ये या पर्यायाची तरतूद करण्याची शिफारस केंद्राकडे करावी, ही आमची पहिली मागणी आहे.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात आमची मुले कामावर जाणाऱ्या, स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्याच रकान्यात पडतात. यात दोघांचेही नुकसान आहे. ज्या मुलाला शाळेची खरी गरज आहे त्याच्यापर्यंत पोहोचण्याऐवजी प्रगणक आमच्या दारात वेळ घालवतो. सर्वेक्षणात ‘गृहशिक्षण – नोंदणीकृत’ असा स्वतंत्र रकाना ठेवावा.

मूल्यमापनाला आमचा विरोध नाही, इयत्तेच्या चौकटीला आहे. नऊ वर्षांचे मूल रोज विजेचे मीटर वाचते, कालच्या आकड्यातून आजचा फरक काढते, महिन्याच्या शेवटी बिलाशी ताडून पाहते आणि युनिट वाढल्यावर दर का वाढतो असे विचारते. त्या एका प्रश्नात वजाबाकी आहे, गुणाकार आहे, टप्प्याटप्प्याची दररचना आहे. मात्र हे तिसरीच्या कोणत्या धड्यात बसते ते सांगता येत नाही. म्हणून वर्षातून एकदा मुलाची नोंदवही, त्याने केलेले काम आणि त्याच्याशी मातृभाषेतले तासाभराचे संभाषण, यांवरून प्रगती पाहावी. हे काम जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे द्यावे. त्यासाठी नवे पद निर्माण करावे लागणार नाही.

शाळेच्या चौकटीबाहेर शिकण्याची पद्धत महाराष्ट्राला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात बालवाडी नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे तिथे शिक्षणाने जावे, हे याच राज्याने देशाला दाखवले आहे.

सर्वांत जाचक अडचण दहावीची. खासगी विद्यार्थी म्हणून 17 नंबरचा फॉर्म भरताना शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. जे मूल शाळेत गेलेच नाही, त्याने तो कोठून आणावा? काही पालकांना केवळ या कागदासाठी मुलाचे नाव एखाद्या शाळेच्या पटावर ठेवावे लागते. म्हणजे नियमच खोटी हजेरी लावायला भाग पाडतो. जन्मदाखला, आधार आणि राज्य मुक्त विद्यालय मंडळाचे पाचवी किंवा आठवीचे प्रमाणपत्र एवढ्यावर हा अर्ज स्वीकारावा. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा, शिष्यवृत्ती परीक्षा आणि शालेय क्रीडा स्पर्धांनाही नोंदणीकृत मुलांना जवळच्या शाळेमार्फत बसू द्यावे. त्याचे शुल्क आम्ही भरू.

सवलतीबरोबर बंधनेही हवीत, असे आमचेच म्हणणे आहे. मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि चुलीपुढे बसवून त्याला गृहशिक्षण म्हणणाऱ्या घराला नोंदणी देऊ नये. मूल मजुरीवर आढळल्यास नोंदणी त्याच दिवशी रद्द करावी. सलग दोन वर्षे प्रगती दिसली नाही तर मुलाला शाळेत घालण्याची अट आम्हाला मान्य आहे. आणि मुलाने स्वतः शाळेत जायचे म्हटले, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे वयानुरूप वर्गात त्याला वर्षभरात केव्हाही, कागदांची अडवणूक न करता प्रवेश मिळावा.

या मागण्यांवर चर्चेसाठी 30 दिवसांत बैठक बोलवावी आणि शासन निर्णय येत्या 15 जूनपूर्वी काढावा. नोंदणी अर्जाचा, वार्षिक नोंदवहीचा आणि पालकांच्या हमीपत्राचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. तो बैठकीत सादर करू.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद